थोरलीचा आवाज

थोरलीच्या आवाजाची घरात सगळ्यांना धास्ती होती. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच वर मुलं टीव्ही बंद करून पुस्तकं उघडत. ती ओरडायची मात्र नाही. शब्द असे नेमके टाकायची की ज्याला लागायचे त्यालाच लागावेत आणि बाकीच्यांना हसू फुटावं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या आवाजाचा सर्वांत मोठा वाटा तिच्या जावेच्या, धाकटीच्या, पदरात पडला होता. धाकटीला पसारा दिसला की तिचे हात शिवशिवत. ओटा पुसायची, आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायची.

"अगं धाकटे, पुरे कर," थोरली म्हणायची. "एवढा घासलास तर एक दिवस ओट्याला भोक पडेल आणि आपण दोघी खालच्यांच्या ताटात जाऊन पडू."

त्याच आवाजाच्या मुळाशी आता गाठ आली होती. डॉक्टरांनी शांतपणे, कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

धाकटी त्याच रुग्णालयात कामाला होती. तिथल्या कॉम्प्युटरांची सगळी देखभाल तिच्याकडे. तळघरातल्या गार खोलीत एक मोठा सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात अनेक लहान मशीन चालत. ती खरी नसत, व्हर्च्युअल असत. पण प्रत्येकाला आपण स्वतंत्र, आपली डिस्क आपली, असंच वाटत असे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे सर्व्हरवरची एक भलीमोठी फाइल. त्यातलंच एक मशीन होतं आवाजपेढीचं. ज्यांचं स्वरयंत्र निघणार, ते शस्त्रक्रियेआधी काही दिवस काचेच्या खोलीत बसून वाक्यं वाचत. त्यावरून पुढे एक हातात मावणारं यंत्र तयार होई. माणसानं त्यावर लिहायचं आणि यंत्रानं त्याच्याच आवाजात बोलायचं.

थोरलीनं त्या वाक्यांची पहिल्याच दिवशी हजेरी घेतली होती. "'टेबलावर निळी वाटी आहे.' मग? असू दे की! ही वाटी मी जन्मभर लोकांना सांगत फिरू का?" पण वाचली सगळी. अधेमधे, शेजारी बसून वाक्यं पुढे करणाऱ्या धाकटीला दोनचार टोमणेही मारले. नियमाप्रमाणे धाकटीनं ते काढून टाकायला हवे होते. त्यांना मात्र तिचा हात कधी लागला नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं ध्वनिमुद्रण झालं. त्यात वाचायचं काही नसतं. दार लावून माणसाला एकटं बसवतात आणि मनातलं बोलायला सांगतात. धाकटी बाहेर थांबली. बऱ्याच वेळानं थोरली बाहेर आली, डोळे पुसले आणि म्हणाली, "चल. त्या खोलीत एसी आहे की बर्फाची लादी?"

सकाळी थोरलीला आत नेलं. चाकाच्या पलंगावर पडल्या पडल्या तिनं धाकटीचा हात धरला, पण बोलली नाही. उरलेलं बोलणं ती जपून ठेवत असावी. दार मिटलं. थोरले दीर बाकावर चष्मा हातात घेऊन बसले आणि धाकटीचा फोन वाजला.

आवाजपेढीच्या बाई होत्या. वाचातज्ज्ञ. प्रत्येक अक्षर सुटं करून बोलायची त्यांची सवय. "अगं, पेढीचं मशीन गोठलंय. पडदा तसाच आहे, पण काही हलत नाही. बाकीच्या तिघांचं वाचन आज व्हायचंय."

"आलेच," धाकटी म्हणाली. दिरांकडे वळली. "भाऊजी, मी खाली आहे. काही लागलं तर एक हाक मारा."

"जा जा," ते म्हणाले. "इथं बसून तरी तू काय करणार? मी काय करतोय?"

गोठण्याचं कारण धाकटीला ठाऊक होतं. सर्व्हरची जागा संपली होती. गेला महिनाभर ती संपत आली होती. त्यापायी रोजची राखीव प्रतसुद्धा बंद पडलेली. नव्या डिस्कची मागणी वरच्या टेबलांवर फिरत होती. जागा संपली की लिहिता लिहिताच मशीन थबकतं. मरत नाही, श्वास रोखून उभं राहतं. थोडी जागा करून दिली की पुढे चालतं. म्हणजे काम सोपं होतं. काहीतरी जुनं पुसायचं.

तळघरात वायरमन काम करत होता. रुग्णालयात सगळे त्याला फ्यूजदादा म्हणत, कारण काहीही बिघडलं तरी त्याचं पहिलं निदान तेच असे. सर्व्हरच्या बॅटऱ्या काढून त्यानं भिंतीशी रांगेत मांडल्या होत्या.

"जुन्या फुगल्यात, मॅडम. नव्या बसवायच्या. तोवर थेट लाइनवर आहे सगळं."

"बरं," धाकटी म्हणाली. तिचं अर्धं मन वरच्या मजल्यावर त्या मिटलेल्या दारापाशी होतं. पडद्यावर तिनं फोल्डरांची यादी काढली. 'आवाज' नावाचं एक होतं. त्याच्या खाली 'जुनं-तात्पुरतं'. नावंच सांगत होती काय ठेवायचं आणि काय नाही. तिनं कमांड लिहिली, आणि पुन्हा पुन्हा विचारत बसू नये म्हणून 'न विचारता पूस' असं सांगणारं अक्षरही जोडलं. बोटानं कळ दाबली.

'जुनं-तात्पुरतं' गेलं. तिला क्षणभर बरं वाटलं, ओटा पुसल्यावर वाटतं तसं.

मग तिनं मशीनला पुढे चाल म्हणून सांगितलं. ते एक पाऊल टाकून पुन्हा थबकलं. जागा नाही म्हणे. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. काय अडतंय बघायला तिनं मशीनची माहिती उघडली. डिस्क कुठं आहे, त्यापुढे एक पत्ता लिहिलेला होता.

जुनं-तात्पुरतं.

तिनं ते परत वाचलं. आणि मग तिला सगळं आठवलं. गेल्या वर्षी एक डिस्क बिघडली होती, तेव्हा पेढीचं मशीन तिनंच घाईघाईनं दुसऱ्या फोल्डरात उभं केलं होतं. 'तात्पुरतं' हे नावही तिनंच दिलेलं, उद्या नीट जागी हलवू म्हणून. तो उद्या उजाडलाच नाही. 'आवाज' नावाच्या फोल्डरात नुसतं जुनं टरफल पडून होतं आणि खरा आवाज तिनं आत्ता, स्वतःच्या हातानं, न विचारता पुसला होता.

ती खुर्चीत बसली तेव्हा खुर्ची मागे सरकून कपाटावर आदळली.

"काय झालं, मॅडम? शॉक बसला?"

ती बोटांवर मोजू लागली. राखीव प्रतीत महिन्यापूर्वीपर्यंतचे सगळे होते. त्यानंतर चौघांचे आवाज आले. त्यातले तिघं अजून बोलू शकत होते. त्यांची क्षमा मागता आली असती, पुन्हा निळी वाटी वाचून घेता आली असती. चौथी आत्ता वर होती.

ती जिन्याकडे धावली. दोन मजले चढून गेली. थोरले दीर दचकून उठले.

"भाऊजी, सुरू केलं का? आत सुरू केलं?"

"केव्हाच. आत्ताच नर्स सांगून गेली, सगळं ठीक चाललंय म्हणून. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही पाणी प्यालात का, विचारायला आले."

ते तिच्याकडे बघत राहिले. तोंडावर पदर धरून ती खाली आली. जिन्याच्या वळणावर थांबून तिनं डोळे मिटले. देवाशी बोलायची तिला सवय होती, पण आज काय मागावं तेच सुचेना. हे वाचव, मी अमुक सोडीन, तमुक करीन, असं ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. चूक आपण करायची आणि देवापुढे सौदा मांडायचा, हे तिच्या मनाला पटेना. एवढंच म्हणाली, "माझे हात स्थिर ठेव."

पुसलेल्या फाइली परत काढून देणाऱ्या एका कंपनीला तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस अनुभवी होता आणि घाईत होता.

"ताई, आधी ऐका. मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा. सरळ वीज तोडा. पुसलेल्या जागेवर एक कण जरी नवा लिहिला गेला तरी खालचं गेलं समजा. बंद करा, डिस्का काढा, आमच्याकडे आणा."

"मिळेल का सगळं?"

"खात्री कोण देणार? तुकडे मिळतात. कधी मिळतात, कधी नाही. पण बंद करा आधी."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. असंच शिकवतात, तीही असंच शिकली होती. ती सर्व्हरपुढे उभी राहिली आणि तिनं बटणावर बोट ठेवलं. पंख्यांची घरघर बोटाला जाणवत होती. फ्यूजदादा मागून म्हणाला, "बंद करताय? बरं झालं. मलाही एक मिनिट लाइन तोडायचीच होती. एकदमच उरकू."

"तुकडे मिळतात." थोरलीच्या आवाजाचे तुकडे. वाटीतला 'वा' इथं, 'टी' कुठंतरी तिकडं. तिचं बोट दाबायला निघालं आणि त्याच वेळी, ओटा पुसणाऱ्या बाईलाच सुचावा असा एक प्रश्न तिच्या मनात आला. पुसलं, तर जागा स्वच्छ का नाही झाली?

एवढी मोठी फाइल गेली. पसारा हटला, तर ओटा मोकळा दिसायला हवा. पण मशीन अजून म्हणत होतं, जागा नाही. तिनं बोट उचललं. परत येऊन आकडा पाहिला. सर्व्हर काठोकाठ भरलेला होता, सकाळी होता तसाच.

म्हणजे फाइल गेली नव्हती. तिचं नाव गेलं होतं.

दारावरची पाटी काढली म्हणून आतला माणूस लगेच नाहीसा होत नाही. श्वास रोखून उभ्या असलेल्या त्या मशीननं आपली डिस्क अजून घट्ट धरून ठेवली होती. ते जोवर सोडत नाही तोवर सर्व्हर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही. आणि ते सोडणार कधी? बंद केलं की. त्या माणसाचं ऐकून तिनं बटण दाबलं असतं, तर त्याच क्षणी मूठ उघडली असती.

"दादा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की स्वतःच दचकली. "लाइनला हात लावू नका!"

फ्यूजदादाचा हात मुख्य खटक्याच्या पेटीपर्यंत पोचला होता. "एकच मिनिट, मॅडम. लोकांचा तर डोळाही लवणार नाही तेवढ्यात."

"अर्धा क्षणही नको. माझ्या जाऊबाईंचा आवाज त्यात आहे. वीज गेली की तो गेला."

फ्यूजदादानं एकदा सर्व्हरकडे पाहिलं, एकदा भिंतीशी मांडलेल्या बॅटऱ्यांकडे. त्याचा चेहरा उतरला. "आता बॅटऱ्या परत लावायच्या तरी लाइन तोडावीच लागेल की हो."

"मग लावूच नका."

"आणि गेली लाइन तर?"

एवढं विचारून फ्यूजदादानं स्वतःच एक स्टूल ओढलं, खटक्याच्या पेटीपुढे मांडलं आणि त्यावर पाय रोवून बसला. "या मजल्यावर आता कुणी केटलसुद्धा लावणार नाही," तो म्हणाला. "मोठे साहेब आले तरी गार चहा पितील."

धाकटीनं बाईंना खाली बोलावलं. ही फाइल उचलून ठेवायला बाहेरची डिस्क हवी होती. सर्व्हरवर तर बोट टेकायला जागा नव्हती. आणि तिथलं आणखी काही पुसायची तिची आता छाती नव्हती.

बाई डिस्क घेऊन आल्या. त्यांना झाला प्रकार सांगितल्यावर त्या खाली बसल्याच. मग हातातली डिस्क त्यांनी पोटाशी धरली. "यात माझ्या मुलाच्या लग्नाचे फोटो आहेत गं. तेवढे..."

"त्यांना हात लावणार नाही," धाकटी म्हणाली, आणि आपल्या या शब्दांना आज काय किंमत उरली आहे हे दोघींनाही कळलं. बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि डिस्क तिच्या हातात दिली.

सर्व्हरच्या आत, चालू मशीननं काय काय धरून ठेवलंय त्याची एक यादी असते. धाकटीनं ती उघडली. बऱ्याच ओळी होत्या. एका ओळीत जुनाच पत्ता होता आणि त्याच्या शेवटी, कंसात, 'पुसलेली' असा शेरा. पुसलेली, पण हातात धरलेली. तिनं त्या ओळीवर बोट टेकवलं.

आता त्या ओळीतून बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. कमांड एका ओळीची. पण 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर लग्नाचे फोटोही जायचे आणि आवाजही. तिनं लिहिलं आणि हात मांडीवर ठेवले. "बाई, मला मोठ्यानं वाचून दाखवा. अक्षर न् अक्षर. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

बाईंनी चष्मा लावला आणि ज्या सुरात त्या रुग्णांना बोलायला शिकवत, त्याच सुरात वाचू लागल्या. प्रत्येक अक्षर, प्रत्येक तिरकी रेघ. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. "पुन्हा," ती म्हणाली. बाईंनी पुन्हा वाचलं. "दादा, लाइन?"

"आहे, मॅडम. मी बसलोय ना."

तिनं कळ दाबली.

आकडा सरकू लागला, मुंगीच्या पावलांनी. त्या आकड्याकडे बघत बसणं म्हणजे दूध उतू जायची वाट बघण्यासारखं होतं. फक्त इथं डोळा हलवायचीही भीती. वरून दिरांचा फोन आला. "डॉक्टर बाहेर येऊन गेले. गाठ पूर्ण निघाली म्हणाले. टाके घालतायत."

"देवाची कृपा," ती म्हणाली. तिला आनंद झाला. खरंच झाला, पण त्या आनंदाला टेकायला जागा मिळेना. गाठ निघाली म्हणजे आवाजही निघाला. आता जगात तो एकाच ठिकाणी होता, नाव नसलेल्या एका फाइलीत, उघड्या तारेच्या भरवशावर.

तेवढ्यात दिवे मंदावले.

एक क्षण, दिव्यानं मान खाली घालावी तसे. बाईंनी धाकटीचं मनगट धरलं. फ्यूजदादा स्टुलावरून उठला आणि दोन्ही हात पेटीसमोर पसरून उभा राहिला, जणू वीज अंगानं अडवता येते. पंख्यांचा आवाज खाली आला. आला, आणि तिथेच टेकू मिळाल्यासारखा सावरून पुन्हा वर चढला. दिवे उजळले.

"वरची लिफ्ट," फ्यूजदादा म्हणाला. "जड पेशंट असला की असा झटका देते." मग स्वतःशीच पुटपुटला, "फ्यूज नाही गेला." हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

आकडा सरकतच होता.

कॉपी पुरी झाली. धाकटीनं जुन्या मशीनला हात लावला नाही. तसंच श्वास रोखून उभं ठेवलं. बाईंच्या कॉम्प्युटरला ती डिस्क जोडून त्यावर नवं मशीन उभं केलं आणि त्याला ही उतरवलेली फाइल दिली. पडदा काळा राहिला. मग ओळी येऊ लागल्या. ते म्हणालं, आपण नीट बंद झालो नव्हतो, तपासावं लागेल. तपासलं. एक ठिकाण मोडलंय, जोडू का, असं विचारलं. या खेपेला विचारलं गेलं म्हणून धाकटीनं मनोमन आभार मानले आणि हो म्हणाली.

पेढी उघडली. थोरलीच्या नावापुढे सगळे दिवस ओळीनं होते. तिनं मधलाच एक उघडला. "टेबलावर निळी वाटी आहे," थोरली म्हणाली, आणि लगेच, "धाकटे, हसतेयस काय? पुढचं वाक्य दे. याहून शहाणं असेल तर."

बाई रडू लागल्या. धाकटी रडली नाही. तिनं एकेक दिवस उघडून पाहिला. शेवटी आदल्या संध्याकाळचं राहिलं. दार लावून बोललेलं. ते उघडावं की नाही, तिला ठरवता येईना. दुसऱ्याच्या मनातलं ते. पण नीट आहे का हे पाहायला हवं होतं. नुसतं पहिलं वाक्य ऐकू आणि बंद करू, असं ठरवून तिनं सुरू केलं.

खोकला आला. खुर्ची करकरली. मग आवाज:

"धाकटे, दाराशी कान लावून उभी असशील, माहितीय मला. बरंच आहे. समोर बसलीस तर मला हे बोलता यायचं नाही. तर ऐक. इतकी वर्षं मी तुला..."

आणि पुढे काही नाही. शांतताही नाही, फाइलच तिथे संपली होती. तिथेच जागा संपली होती. आत ती बोलत राहिली होती, बाहेर धाकटी उभी होती, आणि मशीननं तिथूनच श्वास रोखला होता.

धाकटीनं ते पुन्हा लावलं नाही. सगळ्याच्या दोन वेगळ्या प्रती केल्या, त्या उघडून पाहिल्या, मग फ्यूजदादाला म्हणाली, "आता तोडा लाइन." पंखे थांबले. खोलीत एवढी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती.

थोरली पुरती शुद्धीवर आली ती दुसऱ्या दिवशी. गळ्याला पट्ट्या, नळ्या. हाताशी एक छोटी पाटी आणि पेन दिलेलं. धाकटी पलंगाजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कुठे थांबावं ते न कळून, लिफ्टनं दिलेल्या झटक्यापर्यंत सगळं. थोरली डोळे मोठे करून ऐकत होती. मग तिनं पाटी ओढली. मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"सांगत होते. भोक पडेल."

धाकटीला हसू आणि रडू एकदम आलं. तिनं पाटी पुसायला पदर उचलला. थोरलीनं तिच्या हातावर फटकन मारलं आणि पाटी स्वतःच पुसली.

"ताई," धाकटी म्हणाली, "शेवटचं अर्धंच राहिलं. 'इतकी वर्षं मी तुला' एवढंच आहे. पुढे काय होतं?"

थोरलीनं पेन उचललं, पाटीवर टेकवलं, आणि तसंच धरून ठेवलं. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. शेवटी थोरलीनं लिहिलं आणि पाटी तिच्याकडे वळवली.

"लिहून नाही. यंत्र येऊ दे. माझ्या तोंडानं सांगीन."

धाकटीनं मान हलवली. पलंगाशेजारच्या लहान टेबलावर पाण्याचे थेंब सांडले होते, औषधाचा डाग होता. तिचा हात तिकडे गेला, आणि तिनं तो मागे घेतला. थोरलीच्या हातावर ठेवला, आणि तिथेच ठेवून बसून राहिली.